चेफालू पायी : आधी डोंगर, मग गाव

इटलीतल्या सिसिली बेटावर, पालेर्मो स्टेशनच्या तिकीटखिडकीवर ‘सेफालू’ म्हटलं तर समोरचा माणूस क्षणभर नुसता बघत राहतो. उच्चार ‘चेफालू’ आहे, आणि जोर शेवटच्या ‘लू’वर. नाव ग्रीकांनी दिलेलं. केफाले म्हणजे डोकं. गाडी गावाजवळ आली की हे डोकं खिडकीतूनच दिसतं: समुद्राला भिडलेला, सरळसोट कड्यांचा, २७० मीटर उंचीचा चुनखडीचा डोंगर आणि त्याच्या पायाशी लाल-पिवळट कौलांची दाटी. डोंगराला इथे नुसतं ‘रोक्का’ म्हणतात. गावाचं पाणी, गल्ल्यांचा उतार, चर्चची जागा सगळं या रोक्काने ठरवलं आहे. पायी फिरणाऱ्याने दिवसही त्याच्याच कलाने आखावा.

हे आधीच सांगायचं कारण, एका दिवसासाठी येणारे बहुतेक लोक नेमकं उलट करतात. अकराच्या सुमाराला उतरतात, थेट मोठ्या चर्चपाशी जातात, जेवतात आणि तीन वाजता डोंगर चढायला घेतात. रोक्का गावाच्या पूर्वेला आहे आणि चढणीची वाट त्याच्या गावाकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या अंगाने जाते. सकाळी लवकर खालचा टप्पा कड्याच्या सावलीत असतो. दुपारी तीनला तोच उतार उन्हात भाजून निघतो. त्यातून जुलै-ऑगस्ट असेल तर निम्मी मंडळी अर्ध्यातूनच परत फिरतात आणि ‘वर विशेष काही नाही’ असं सांगत सुटतात. वर बरंच काही आहे. तेव्हा आधी डोंगर.

पालेर्मोहून अंतर साधारण ७० किलोमीटर. मेस्सिनाच्या दिशेची प्रादेशिक गाडी पाऊण ते एक तासात पोहोचवते. आसन राखून ठेवावं लागत नाही, पण कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यायचा. हे विसरलं तर तिकीट खरं असूनही दंड होतो, कारण शिक्का नसलेलं तिकीट पुन्हा वापरता येतं. जाताना डावीकडची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला आहे. रविवारी आणि सणाच्या दिवशी गाड्या कमी असतात, म्हणून परतीच्या वेळा सकाळीच टिपून ठेवाव्यात.

भाड्याची मोटार घेऊन येणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे. तिथे फाटक नाही, शिपाई नाही, फक्त पाटी आणि कॅमेरा. आत शिरल्याचं त्या दिवशी कळतही नाही. दंडाचा कागद काही महिन्यांनी गाडी भाड्याने देणाऱ्यामार्फत घरी येतो. गाडी बाहेरच, निळ्या रेघांच्या आत लावायची आणि यंत्रातली पावती काचेमागे ठेवायची. पांढऱ्या रेघा फुकट, पण तिथे जागा सापडणं नशिबाचा भाग.

स्टेशनपासून जुन्या गावाच्या तोंडाशी, पियात्सा गारिबाल्दीला, दहा-बारा मिनिटांत पोहोचता येतं. एके काळी इथे गावाची वेस होती. चौकातल्या चर्चच्या बुंध्याशी वाकून बघा. वरचं बांधकाम नेहमीचं आहे, पण खाली अचानक हातभर-दोन हात लांबीचे, चुन्याशिवाय बसवलेले दगड लागतात. तो ग्रीक काळातल्या तटाचा अवशेष. हाच तट पुढे समुद्राच्या बाजूला पुन्हा भेटतो.

इथून सरळ आत जातो तो कोर्सो रुज्जेरो, गावाचा मुख्य रस्ता. अर्धा किलोमीटरही नसेल. त्यावर जेमतेम शिरलं की उजव्या हाताला रोक्काकडे चढणारी गल्ली फुटते. पाटीवर ‘सालिता साराचेनी’ लिहिलेलं असतं. घरांच्या दारातून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून पायऱ्या वर जातात आणि पाचेक मिनिटांत तिकिटाचं फाटक येतं. उन्हाळ्यात ते साधारण आठला उघडतं, हिवाळ्यात नऊला. बंद होण्याच्या तासभर आधी आत सोडणं थांबवतात. पाऊस किंवा वादळी वारं असलं तर फाटक बंदच. हा फाजील सावधपणा वाटतो, पण वरची चुनखडी बघितली की कारण कळतं. शतकानुशतकं पावलांनी घासून ती काचेसारखी झाली आहे. कोरडी असतानाही पाय सरकतो, ओली असेल तर उभं राहणंही कठीण. चपला-सँडल नकोत, खोल खाचांच्या रबरी तळव्याचे बूट हवेत. उन्हाळ्यात माणशी दीड लिटर पाणी खालूनच भरून न्यावं, वर दुकान नाही.

किल्ले चढलेल्या मराठी माणसाला पुढचं सगळं ओळखीचं वाटेल. आधी दगडी पायऱ्या आणि नागमोडी वळणं, मग तटातला दरवाजा, चर्या असलेली भिंत, तिच्या आत माचीसारखी मोकळी जागा, पाण्याची टाकी, भट्ट्यांचे आणि शिबंदीच्या खोल्यांचे अवशेष आणि सगळ्यात वर बालेकिल्ला. फरक हवेचा. कारवीच्या जागी पाइनची झाडं आहेत आणि पायाखाली रानटी ओव्याच्या जातीचा वास.

फाटकापासून वीस ते तीस मिनिटांत डायनाचं मंदिर म्हणतात ती वास्तू येते. इथे थांबायला हवं. भिंतीचे दगड ओबडधोबड, प्रचंड, एकावर एक नुसते टेकवलेले. दाराची चौकट मात्र घडीव, कडांना रेघा काढलेली. दोन वेगळ्या हातांचं काम शेजारी शेजारी दिसतं. आत गेलं की जमिनीखाली एक टाकं आहे, मोठमोठ्या शिळा आडव्या टाकून झाकलेलं. ते भोवतीच्या भिंतीहूनही कितीतरी जुनं. डायनाचं नाव बहुधा नंतर चिकटलेलं. मूळ जागा पाण्याशी निगडित पूजेची असावी असं अभ्यासक मानतात. पुढे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळात याच भिंतींवर चर्च उभं राहिलं. बहुतेक लोक दारात फोटो काढून निघतात आणि टाकं बघतच नाहीत.

इथून वरची वाट जास्त उभी आणि उघडी आहे. माथ्यापर्यंत आणखी अर्धा तास धरा. वरचा किल्ला मध्ययुगातला, आता गुडघाभर-कमरेइतक्या भिंती उरल्या आहेत. १२८४ मध्ये समुद्रावरच्या लढाईत पकडला गेलेला आंजू घराण्याचा राजपुत्र चार्ल्स, जो पुढे नेपल्सचा राजा झाला, त्याला काही काळ इथे कैदेत ठेवलं होतं. बघण्यासारखं म्हणाल तर भिंतींपेक्षा खालचा देखावा महत्त्वाचा, आणि तो नकाशासारखा वाचायचा.

बायझंटाइन काळात समुद्रावरून होणाऱ्या हल्ल्यांच्या भीतीने वस्ती खालून या डोंगरावर आली. ८५८ मध्ये अरबांनी ती जिंकली, अकराव्या शतकात उत्तर फ्रान्सकडचे नॉर्मन आले, आणि ११३१ मध्ये राजा रुज्जेरो दुसरा याने खाली नवं चर्च बांधायला घेतलं तेव्हा गाव पुन्हा किनाऱ्यावर उतरलं. वरून बघताना कोर्सो रुज्जेरोची रेघ शोधा. तिच्या समुद्राकडच्या बाजूला गल्ल्या समांतर, कंगव्याच्या दातांसारख्या. डोंगराकडच्या बाजूला मात्र वाकड्यातिकड्या, उताराला धरून वाढलेल्या. आता दुओमोकडे, म्हणजे मोठ्या चर्चकडे बघा. मागचा भाग उंच आणि पुढचं सभागृह त्यामानाने बुटकं. खालून चौकात उभं राहिलं तर पुढचे दोन मनोरे ही विसंगती झाकून टाकतात. रुज्जेरोने सुरुवात भव्य आराखड्याने केली होती. ११५४ मध्ये तो वारला आणि पुढचं बांधकाम आटोपशीर झालं. हवा स्वच्छ असेल तर ईशान्येला एओलियन बेटांपैकी एखाददुसरं क्षितिजावर दिसतं.

उतरताना घाई नको. पडझड चढताना होत नाही, उतरताना होते: गुळगुळीत खडकावर बारीक खडी पसरलेली असते आणि ती गोट्यांसारखी काम करते. पाय आडवा टाकायचा, गुडघा किंचित वाकवायचा, आणि फोटो काढायचा तर थांबून. सगळं मिळून अडीच तास धरले की आरामात होतं.

खाली आल्यावर साडेदहा-अकरा वाजलेले असतात, आणि दुओमोसाठी हीच वेळ बरी, कारण दुपारी ते काही तास बंद होण्याची शक्यता असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. डोंगरावर अर्ध्या चड्डीत गेलेल्यांनी पिशवीत पातळ पायजमा किंवा पंचासारखं काहीतरी ठेवावं, नाहीतर दारातून परत पाठवतात. आत जायला पैसे नाहीत. मनोरे, छप्पर आणि शेजारच्या खांबांच्या ओवऱ्या यांना वेगळं तिकीट आहे. वेळ आणि पैसे मोजकेच असतील तर ओवऱ्या निवडा. जोडखांबांच्या माथ्यांवरचं कोरीवकाम डोळ्यांच्या उंचीच्या जवळपास आहे, त्यात नोहाची नौकाही सापडते.

आत शिरल्यावर दोन्ही बाजूंच्या खांबांकडे, वरच्या रंगवलेल्या लाकडी छताकडे नजर जाते, पण सरळ पुढे चालत राहा. टोकाच्या अर्धघुमटात ११४८ साली पूर्ण झालेली सोनेरी मोझाइकं, म्हणजे बारीक तुकडे जोडून केलेली चित्रं आहेत. सर्वांत वर ख्रिस्त, एका हाताने आशीर्वाद देणारा, दुसऱ्या हातात उघडं पुस्तक. पुस्तकाच्या एका पानावर ग्रीक, दुसऱ्यावर लॅटिन, मजकूर एकच: ‘मी जगाचा प्रकाश आहे.’ त्या वेळच्या सिसिलीत राजाचे कारागीर कॉन्स्टँटिनोपलच्या परंपरेतले, प्रजेत ग्रीक, अरब, लॅटिन सगळेच. त्यामुळे एका पुस्तकात दोन लिप्या. कपाळावर सुटलेल्या केसांच्या बटा बघायला छोटी दुर्बीण असेल तर उत्तम. तिच्यातून सोन्याच्या काचेचे तुकडे मुद्दाम थोडे तिरके बसवल्याचंही कळतं. एका जागी उभं राहून डोकं हलवलं तरी चमक सरकते. ख्रिस्ताखाली हात वर केलेली मेरी आणि चार देवदूत, त्याखाली दोन ओळींत बारा शिष्य. खिडक्यांमधली रंगीत काच अगदी अलीकडची, विसाव्या शतकाच्या अखेरची, अमूर्त आकारांची. ती मला इथे खटकते. आवडणारेही बरेच आहेत.

रुज्जेरोला स्वतःला इथेच पुरायचं होतं. त्यासाठी ११४५ मध्ये त्याने जांभळ्या पॉर्फिरी दगडाच्या दोन शवपेट्या आणून ठेवल्या. पुरलं मात्र त्याला पालेर्मोत, आणि १२१५ मध्ये त्याच्या नातवाने, सम्राट फ्रेडरिक दुसरा याने, पेट्याही तिकडे नेल्या. २०१५ पासून हे चर्च पालेर्मो आणि मोनरेआलेच्या अरब-नॉर्मन वास्तूंसह युनेस्कोच्या यादीत आहे.

जेवणाचं सांगायचं तर दुपारचं स्वयंपाकघर साडेबारा ते अडीच, फार तर तीन. साडेतीनला बसलात तर सँडविचशिवाय काही मिळत नाही, आणि रात्रीचं साडेसातच्या आधी नाही. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी एक-दोन युरोंची रक्कम असते. ती पाव-टेबलाची, फसवणूक नव्हे. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर स्वस्त; तीच चौकातल्या खुर्चीत बसून घेतली तर दर वाढतो. स्वच्छतागृहाची सोयही त्या कॉफीतच धरायची.

शाकाहारी माणसाची पंचाईत होत नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतात. ‘पानेल्ले’ बिनधास्त मागा: हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून, पाटवड्यांसारखं थापून, थंड झाल्यावर वड्या कापून तळतात आणि पावात घालून देतात. वर लिंबू पिळायचं. चव इतकी घरची की खाणारा हमखास हिरव्या मिरचीसाठी इकडेतिकडे बघतो. ‘कापोनाता’ म्हणजे वांगं, सेलरी, ऑलिव्ह आणि केपर्स या खारवलेल्या कळ्यांची आंबटगोड भाजी, तीही चालते. ‘स्फिंचोने’ हा जाड पावासारखा पिझ्झा मात्र दिसायला नुसता कांदा-टोमॅटोचा, पण त्यात बहुतेक वेळा अँचोव्ही ही छोटी मासळी विरघळलेली असते. ‘सेन्त्सा अच्चूगे’ म्हणजे अँचोव्हीशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करावेत. मांसाहारी लोकांनी ‘पास्ता आ तायानू’ शोधावा: मातीच्या भांड्यात पास्ता, मांस, तळलेलं वांगं आणि मेंढीच्या दुधाचं चीज यांचे थर लावून भाजलेला, खास या गावचा पदार्थ.

जेवणानंतरचे दोन-तीन तास दुकानांना कुलूप असतं आणि गल्ल्या तापलेल्या. हा वेळ चर्चजवळच्याच मांद्रालिस्का संग्रहालयाला द्यावा. ते सहसा दुपारी बंद होत नाही, तरी दारावरची वेळ सकाळीच बघून ठेवावी. एकोणिसाव्या शतकातल्या बॅरन मांद्रालिस्काचा हा खासगी संग्रह: नाणी, हजारो शिंपले, चित्रं. सगळे येतात ते पंधराव्या शतकातला चित्रकार आंतोनेल्लो दा मेस्सिना याच्या एका छोट्या चित्रासाठी. अनोळखी खलाशी म्हणून ओळखला जाणारा माणूस, आणि त्याचं ते किंचित कुत्सित हसू. चित्र जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीचं, त्यामुळे गर्दी असेल तर थोडं थांबून मगच पुढे व्हा. ते हसू सहन न होऊन एका औषधविक्याच्या मुलीने त्याच्या चेहऱ्यावर ओरखडे काढले होते असं सांगतात. मला विचाराल तर त्याहून मोठी गंमत इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या एका मातीच्या भांड्यावर आहे. त्यावर मासेवाला हातात सुरा घेऊन ओंडक्यावर ट्युना कापायला उभा आहे आणि समोर गिऱ्हाईक नाणं पुढे करून. दोघांच्याही चेहऱ्यावर भाव घासाघीस नुकतीच संपल्याचा.

चारनंतर खालच्या गल्ल्या. कोर्सोवरून पश्चिमेला कुठलीही गल्ली धरली तरी विया विट्टोरियो एमानुएलेवर उतरता, चुकायची भीती नाही. पायाखाली समुद्रातले गोटे बसवलेले असतात. चाकांची बॅग इथे मोडते, खुशाल उचलून घ्या. या रस्त्यावर एका घराखाली उतरणाऱ्या गोलसर पायऱ्या दिसतील. हे लावातोयो, गावाचं धुणं धुण्याचं ठिकाण, १५१४ मध्ये नव्याने बांधलेलं. पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झाल्या आहेत, म्हणून कडेने उतरा. खाली बुटक्या कमानींखाली २२ तोट्यांमधून पाणी कोसळतं. त्यातल्या १५ तोट्या सिंहमुखाच्या. पाणी कुठून येतं? त्याच डोंगरातून. चुनखडीत मुरलेलं पाणी गावाखालून चेफालीनो नावाच्या छोट्या नदीच्या रूपात वाहत इथे बाहेर पडतं आणि लगेच समुद्राला मिळतं. बाहेरच्या पाटीवर तिला चांदीहून शुद्ध आणि बर्फाहून गार म्हटलं आहे. शुद्धतेचं सांगता येत नाही, पण गार नक्की. कुंडांच्या काठाला धुण्याचे तिरके दगड आहेत. त्यांवर हात फिरवून बघा: घासायच्या जागी पन्हळ पडली आहे, आणि प्रत्येक दगडाची खोली निराळी. इथल्या बायका चांगल्या विसाव्या शतकापर्यंत धुणं आपटत होत्या.

तिथून दोनशे पावलांवर पोर्ता पेस्कारा. गावाच्या चार वेशींपैकी उरलेली ही एकटी, टोकदार कमानीची. कमानीच्या चौकटीत समुद्र, जुना धक्का आणि ओढून ठेवलेल्या होड्या. सूर्य याच दिशेला मावळतो, त्यामुळे साडेपाचनंतर इथे फोटोसाठी रांग लागते. रांगेत उभं राहण्यापेक्षा उत्तरेकडे चालत कापो मार्कियाफावाच्या बुरुजावर जावं. सतराव्या शतकातला हा बुरूज मोकळा आणि वाऱ्याचा आहे. त्याच बाजूला खडकांवर सकाळचा ग्रीक तट पुन्हा भेटतो आणि त्यात समुद्राकडे उघडणारा एक छोटा दिंडी दरवाजा आहे. खडकांवर शेवाळ असतं, लाट येणाऱ्या पट्ट्यात उतरू नये.

पोहायचं असेल तर गावाच्या नैऋत्येला लांब वाळूचा किनारा आहे. छत्र्या-खुर्च्यांच्या रांगा भाड्याच्या. मधले मोकळे तुकडे सगळ्यांसाठी. गाव आणि डोंगर एका चौकटीत बसवणारं ते सुप्रसिद्ध दृश्य या वाळूवरूनच मिळतं, पण सकाळी नव्हे. तेव्हा गाव रोक्काच्या सावलीत काळवंडलेलं असतं. संध्याकाळी दुओमोचं पश्चिमाभिमुख तोंड आणि घरांच्या भिंती मधासारख्या होतात, तेव्हा इथे असावं.

महिन्यांचं म्हणाल तर मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबरची अखेर चालण्यासाठी उत्तम. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तारणहार ख्रिस्ताचा, म्हणजे सान साल्वातोरेचा उत्सव असतो. ६ तारखेला जुन्या धक्क्यावरून एक लांब खांब समुद्रावर आडवा बांधतात, त्याला चरबी आणि साबण फासतात, आणि गावातली पोरं अनवाणी त्यावरून टोकाच्या झेंड्यापर्यंत जायला बघतात. बहुतेक जण तीन-चार पावलांतच पाण्यात. ते बघायचं असेल तर धक्क्यावर दुपारीच जागा धरावी आणि मुक्काम पालेर्मोत ठेवावा, कारण त्या दिवसांत गावात खोली मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते सकाळी टिपलेलंच असेल. धक्क्यावरून स्टेशन वीस मिनिटं, गर्दीत अर्धा तास.